एका घरात दोन ड्यूटी लिस्ट

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर. यांतल्या कुठल्याही गावात स्टँडवरून बाजारपेठेकडे चालत निघालं की एक पाटी हमखास लागते. वर दवाखान्याचं नाव, बहुधा आईच्या किंवा कुलदैवताच्या नावावरून ठेवलेलं. खाली दोन ओळी. पहिलीत त्याचं नाव आणि ‘जनरल सर्जन’, दुसरीत तिचं आणि ‘स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ’. शिक्षण कुणाचंही जास्त असो, ओळींचा क्रम सहसा हाच. खाली दवाखाना, वर घर. रात्री दोनला अडलेली बाई आली की ती जिना उतरते. सिझर करायची वेळ आली तर तो उठून मदतीला उभा राहतो. मूल वर आजीजवळ झोपलेलं असतं. भूलतज्ज्ञ तेवढा बाहेरून बोलवायचा. सीमाभागात ‘डॉक्टरीणबाई’ म्हणतात ते स्वतः डॉक्टर असलेल्या बाईला आणि डॉक्टरच्या बायकोलाही. त्यातली कुठली, हे वाक्यावरून कळतं. कधीकधी कळत नाही.

मराठी माणसाच्या मनात डॉक्टर जोडप्याचं दुसरं चित्र आहे ते सेवाव्रतींचं: जामखेडचे आरोळे दांपत्य, हेमलकशाचे प्रकाश आणि मंदाकिनी आमटे, गडचिरोलीचे अभय आणि राणी बंग. पहिलं चित्र पैशाचं, दुसरं त्यागाचं, असा फरक आपण करतो. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. कामाचं वेळापत्रक जोडप्याच्या स्वतःच्या हातात असतं. कुणी कधी झोपायचं, मूल कुणाकडे राहायचं, कुणी शिकायला दोन वर्षं बाहेर जायचं, हे स्वयंपाकघरात ठरतं.

तिसरं जोडपं या दोन्हींत बसत नाही. ते विद्यापीठाच्या रुग्णालयात नोकरी करतं. बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३पासून आहे. ते ज्या केएलई संस्थेचं, तिच्या उच्चशिक्षण अकादमीला २००६मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. सिव्हिलला जोडलेलं सरकारी कॉलेज, बिम्स, त्याच सुमाराचं. कोल्हापूर, मिरज, धारवाड, हुबळी आणि चोर्ला घाटाखाली बांबोळी, ही सगळी वैद्यकीय महाविद्यालयं गाडीने दोन-तीन तासांच्या टापूत. डॉक्टरशी लग्न करणारे डॉक्टर थोडे नाहीत, त्यामुळे या टापूतल्या महाविद्यालयांच्या हजेरीपटावर जोडपी भरपूर आहेत. मात्र प्रशासनाच्या दृष्टीने ती जोडपी नसतात. ते दोन सुटे कर्मचारी असतात, योगायोगाने एका पत्त्यावर राहणारे. या सुटेपणाची किंमत बहुतेक वेळा दोघांतल्या एकाच्याच खात्यावर पडते, ती कुणाच्या हे वेगळं सांगायला नको. आज अशा जोडप्यांची सोय होते ती विभागप्रमुखाच्या मर्जीने. ती लेखी नियमाने व्हावी, आणि तसं करणं संस्थेला मर्जीपेक्षा स्वस्त पडतं, एवढंच इथे मांडायचं आहे.

ड्यूटी लिस्टपासून सुरू करू, कारण सगळं तिथूनच बिघडतं. समजा ती स्त्रीरोग विभागात असिस्टंट प्रोफेसर आहे. विभागाची चार युनिटं, डॉक्टरांच्या चार तुकड्या, म्हणजे तिच्या युनिटची इमर्जन्सी दर चौथ्या दिवशी. तो भूल विभागात, त्याचा रात्रीचा कॉल दर पाचव्या दिवशी. चार आणि पाच यांना सामाईक भाजक नाही, त्यामुळे सुरुवात कुठल्याही तारखेने करा, दर वीस दिवसांत एक रात्र अशी येणारच की दोघंही रुग्णालयात आहेत. वर्षाला अशा अठरा रात्री. वीस दिवसांचा हिशेब मांडला तर पाच रात्री ती बाहेर, चार रात्री तो, त्यातली एक सामाईक. म्हणजे आठ रात्री घरातलं कुणी ना कुणी नाही आणि दोघं एकत्र घरी असतात त्या रात्री बारा. त्या बारांतल्याही काही रात्री आदल्या दिवशीच्या जागरणाने मेलेल्या असतात. इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी ओपीडी सुटत नाही, राउंड चुकत नाही, आणि घरी येऊन माणूस सोफ्यावर बूट न काढता झोपतो.

आता आकडे जरा बदलून पाहा. तो भूल विभागात नसून मेडिसिनमध्ये आहे आणि तिथेही चारच युनिटं आहेत. मग दोन शक्यता उरतात. दोघांच्या युनिटांची इमर्जन्सी एकाच दिवशी असेल तर वर्षातल्या नव्वद-एक्याण्णव रात्री, एकही न चुकता, दोघंही बाहेर. एका दिवसाने जरी मागेपुढे असेल तर सामाईक रात्र शून्य. नव्वद आणि शून्य यांतला फरक ठरतो युनिट वाटपाच्या दिवशी, विभागप्रमुखाच्या टेबलावर, अर्ध्या मिनिटात. त्या अर्ध्या मिनिटात ‘मॅडमचे मिस्टर कुठल्या युनिटला आहेत?’ एवढा एक प्रश्न विचारला जात नाही. विचारायची प्रथाच नाही. एकीकडे चार आणि दुसरीकडे सहा युनिटं असतील तरी हेच: वाटप जमलं तर सामाईक रात्र कधीच नाही, फसलं तर दर बारा दिवसांनी एक. ज्या विभागांत युनिटाला वार ठरलेला असतो, सोमवारचं युनिट, गुरुवारचं युनिट, तिथे तर गणितही लागत नाही. वार वेगळे घेतले की झालं, रविवारची पाळी तेवढी पाहायची.

यावर उपाय काय, तर अगदी कारकुनी. दर महिन्याच्या वीस तारखेपर्यंत जोडप्याने दोन्ही विभागांच्या ड्यूटी लिस्ट करणाऱ्याकडे एकच कागद द्यायचा, त्यावर दोघांच्या संभाव्य रात्री. लिस्ट करतो तो बहुधा सीनियर रेसिडेंट (नुकतं पीजी झालेला डॉक्टर) किंवा नवा असिस्टंट प्रोफेसर. त्याला हे तारखांचं कोडं सोडवायला दहा मिनिटं पुरतात. चार-पाचच्या उदाहरणात वीस दिवसांतून एकच रात्र हलवायची असते. हलवलेली रात्र महिन्याच्या आत परत करायची आणि ती परत केल्याची नोंद लिस्टवर दिसली पाहिजे. ही नोंद नसली की सहा महिन्यांत कुजबुज सुरू होते: ‘त्यांचं काय, नवराबायको आहेत, सांभाळून घेतात.’ कागद लिस्ट लागण्याआधी यायला हवा. लिस्ट नोटीस बोर्डावर लागल्यावर मागितलेली अदलाबदल ही मेहेरबानी होते, आधी मागितलेली ही नियोजन. रात्र तीच, पण विभागातल्या इतरांच्या मनात तिचा हिशेब वेगळा लागतो.

एवढं सोपं असून होत का नाही? कारण लिस्ट विभागाची असते आणि विभाग म्हणजे संस्थान. स्त्रीरोगच्या लिस्टसाठी भूल विभागाने का वाकावं? प्राचार्यांच्या कार्यालयातून एक परिपत्रक आल्याशिवाय दोन संस्थानांमध्ये तह होत नाही.

मुळात दोघं एका गावात येतात कशी, हा त्याआधीचा प्रश्न. लग्न बहुधा एमबीबीएसनंतर किंवा पीजीच्या पहिल्या वर्षात ठरतं, आणि पीजीची जागा नीटच्या क्रमांकावर. अभिमत विद्यापीठांच्या सगळ्या जागा आणि सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा दिल्लीच्या समुपदेशन समितीकडून, म्हणजे एमसीसीकडून, भरल्या जातात. कर्नाटकाच्या वाट्याच्या उरलेल्या जागा राज्याच्या परीक्षा प्राधिकरणाकडून, केईएकडून. म्हणजे बेळगावातल्याच दोन कॉलेजांसाठी दोन पोर्टल, दोन वेळापत्रकं, दोन अनामती. त्यात सीमाभागातल्या ज्या मराठी मुलांनी महाराष्ट्रातल्या राखीव जागेवर एमबीबीएस केलं त्यांची पदवी नाशिकच्या विद्यापीठाची आणि नोंदणी महाराष्ट्राच्या वैद्यक परिषदेची. बेळगावात काम करायचं तर कर्नाटकाच्या परिषदेत नाव यावं लागतं, त्यासाठी आधीच्या परिषदेचं ना-हरकत पत्र. हे पत्र यायला लागणारे आठवडे बरोबर रुजू व्हायच्या तारखेच्या आड येतात. ज्यांचं लग्न सीमेपलीकडे झालंय त्यांनी निकालाची वाट न पाहता अर्ज टाकून ठेवावा.

समुपदेशनात त्याला दुसऱ्या फेरीत बेळगावात मेडिसिन मिळतं, तिला तिसऱ्या फेरीत कलबुर्गीला बालरोग. पुढच्या फेरीतली जागा सोडावी तर अनामत जाते. तीन वर्षं गेली.

अमेरिकेत रेसिडेन्सीच्या, म्हणजे तिथल्या पीजीच्या, जागा वाटणाऱ्या यंत्रणेने १९८४पासून जोडप्यांना एकत्र अर्ज करायची सोय दिली आहे. दोघं मिळून जोडजागांची यादी देतात: पहिली पसंती हे रुग्णालय आणि ते रुग्णालय, दुसरी अमुक आणि तमुक. दोन्ही जागा मिळतील अशी सगळ्यात वरची जोडी त्यांच्या पदरात पडते. १९९८पासून ज्या गणनपद्धतीने हे चालतं ती बसवणाऱ्यांपैकी ॲल्विन रॉथ यांना २०१२मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तिथे हे अवघड असतं, कारण रुग्णालयांच्याही आपापल्या पसंत्या असतात आणि जोडपी मध्ये आली की सगळ्यांचं समाधान करणारी वाटणी निघेलच याची गणितात हमी नसते. आपल्याकडे ही अडचण नाही. आपल्याकडे रुग्णालयाला पसंती नाही, फक्त क्रमांक आहे. म्हणून आपला नियम एका ओळीत बसतो: जोडप्याने एकत्र जागा मागितली तर दोघांचीही पाळी मागच्या क्रमांकवाल्याच्या वेळी येईल. तिचा क्रमांक ८,००० आणि त्याचा १९,००० असेल तर ती आपखुशीने १९,०००पर्यंत थांबेल. मधल्या अकरा हजारांतल्या कुणाचं काही जात नाही; उलट तिने सोडलेली वरची जागा त्यांच्यापैकी कुणाला तरी मिळते. गुणवत्तेला धक्का लागतो ही ओरड इथे टिकत नाही. आरक्षणाचे प्रवर्ग दोघांचे वेगळे असले तरी प्रत्येकजण आपापल्याच प्रवर्गातली जागा घेणार. संगणकाला हे जड नाही. मागणीच कुणी केलेली नाही, कारण ज्यांना ती करायची ते त्या सुमारास रात्रपाळीत असतात आणि तीन वर्षांनी त्यांची गरज संपलेली असते.

सरकारी नोकरीत चित्र आणखी गुंतागुंतीचं. बाहेरच्याला वाटतं, सरकार म्हणजे एकच मालक. प्रत्यक्षात सरकारी वैद्यकीय कॉलेज वैद्यकीय शिक्षण खात्याखाली, आणि तालुका रुग्णालयं व प्राथमिक आरोग्य केंद्रं आरोग्य खात्याखाली. नवरा बिम्समध्ये आणि बायको गोकाकच्या किंवा अथणीच्या तालुका रुग्णालयात असेल तर दोन खाती, दोन सचिव, बदल्यांच्या दोन पद्धती. पतिपत्नींना शक्यतो एका ठिकाणी ठेवा असं केंद्राने आपल्या नोकरांसाठी १९८६मध्ये आणि पुन्हा २००९मध्ये लेखी सांगितलं आहे. पण ‘शक्यतो’ हा शब्द सरकारी कागदात किती लवचीक असतो हे सगळ्यांना माहीत आहे. आणि बायको कर्नाटकाच्या नोकरीत, नवरा महाराष्ट्राच्या, असं असेल तर त्यांना एकत्र आणणारी बदलीच अस्तित्वात नाही. फार तर प्रतिनियुक्ती, तीही दोन्ही राज्यांच्या मनात असेल तर.

मग एकाने रोज जा-ये करायची. बेळगाव ते कोल्हापूर ११० किलोमीटरच्या आसपास: काकती, हत्तरगी, संकेश्वर, तवंदी घाट, निपाणी, कोगनोळी, कागल. पूर्वी पुष्कळ जण हे करत, कारण हजेरी म्हणजे सही होती. आता हजेरी आधारशी जोडलेली आहे, चेहरा ओळखून आणि मोबाइलचं ठिकाण तपासून लागते, आणि शिक्षकाची ७५ टक्के हजेरी राष्ट्रीय वैद्यक आयोगाला दिसते. सही करून गायब होणाऱ्यांना आळा बसला हे चांगलंच झालं. पण प्रामाणिकपणे जा-ये करणारा माणूस आता सकाळी सातला निघून नऊला पोचतो, आणि आदल्या रात्री कॉल झाला असेल तर तवंदी घाट अर्धवट झोपेत उतरतो. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यातला एक जण नोकरी सोडतो. कोणता, ते पगाराच्या आणि रिवाजाच्या वजाबाकीत ठरतं.

याच ठिकाणी एक बारीक अन्याय आहे आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२५च्या नियमांनी सरकारी रुग्णालयात काम केलेल्या तज्ज्ञांना अध्यापनाची दारं उघडली: २२० किंवा अधिक खाटांच्या सरकारी रुग्णालयात दहा वर्षं काढलेला तज्ज्ञ थेट असोसिएट प्रोफेसर होऊ शकतो. स्वागतच आहे. पण कर्नाटकातली तालुका रुग्णालयं साधारण १०० खाटांची. नवऱ्याच्या कॉलेजजवळ राहायचं म्हणून जिने तालुक्याची जागा घेतली, तिने दहा वर्षांत केलेली सिझर जिल्हा रुग्णालयातल्या सहकाऱ्यापेक्षा जास्त भरतील, तरी खाटा मोजून तिची वर्षं बाद. खाटांऐवजी किंवा खाटांबरोबर कामाचा आकडा मोजा, ही मागणी जिल्ह्यातल्या डॉक्टर संघटनांनी लावून धरायला हवी.

रेडिऑलॉजिस्टची गत निराळीच. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या नियमांत २०१२पासून सोनोग्राफी करणाऱ्याला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन केंद्रांची मर्यादा आहे, आणि दोन्हीकडच्या वेळा आधी कळवाव्या लागतात. दोन्ही जागा भरलेल्या असतील तर ‘बायकोच्या दवाखान्यातही बसतो संध्याकाळी’ हे म्हणता येत नाही. लग्नानंतर दोन घरांचं नियोजन करताना हा मुद्दा कुणाच्या ध्यानात नसतो; मशीन घेऊन झाल्यावर येतो.

आता बढती. नियमांचा हिशेब असा: पीजीनंतर एक वर्ष सीनियर रेसिडेंट, मग असिस्टंट प्रोफेसर म्हणून चार वर्षं आणि दोन शोधनिबंध, मग असोसिएट म्हणून तीन वर्षं आणि आणखी दोन निबंध. शिवाय संशोधनपद्धतीचा आणि अध्यापनतंत्राचा अभ्यासक्रम. म्हणजे एकोणतिसाव्या वर्षी एमडी झालेला माणूस कागदावर सदतिसाव्या वर्षी प्रोफेसर. हीच आठ वर्षं मुलं होण्याची आणि ती लहान असण्याची. चार वर्षांत दोन निबंध हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण नैतिकता समितीची मंजुरी, केसपेपर गोळा करणं, संख्याशास्त्रज्ञाच्या मागे लागणं, मान्य सूचीतलं नियतकालिक शोधणं, परीक्षकांचे शेरे दुरुस्त करणं, यांत एका निबंधाला दीड-दोन वर्षं सहज जातात. हे काम ओपीडीच्या वेळात होत नाही. ते रात्री नऊ ते अकरात होतं. ज्या घरात नऊ ते अकरात एकाने मुलांचा अभ्यास घ्यायचा असतो, तिथे एकाचाच निबंध निघतो.

आणि पाच ते नऊचं काय? संस्थेची मुभा असेल तिथे त्या वेळात टिळकवाडीत, शहापुरात किंवा खडे बाजारात खासगी कन्सल्टिंग चालतं. कॉलेजच्या पगारपत्रकावर दोघांचा आकडा सारखा दिसेल, पण दहा वर्षांनी गावात नाव एकाचंच झालेलं असतं. स्त्री-पुरुष वेतनसमानतेच्या चर्चेत पगारपत्रकाकडे पाहिलं जातं. फरक संध्याकाळी पडलेला असतो.

त्याही आधी शाखा निवडताना पडलेला असतो. ‘पॅथॉलॉजी घे, नाइट ड्यूटी नसते’ हा सल्ला मुलीला किती जणांनी द्यावा याला सुमार नाही: आई देते, होणारी सासू देते, कधी गाइडही देतो. पॅथॉलॉजी ही उत्तम शाखा आहे आणि जिला आवडते तिने जरूर घ्यावी. पण सर्जरीत रमणाऱ्या मुलीने ती घरासाठी घेतली तर रुग्णालयाने एक सर्जन गमावलेली असते आणि ती कुठल्याच नोंदीत दिसत नाही.

बाळंतपणाच्या रजेचं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडतं. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आली. पीजी विद्यार्थिनीला मात्र दर वर्षी ८० टक्के हजेरी भरावी लागते, त्यामुळे रजा घेतली की मुदत वाढते, परीक्षा पुढे जाते, सीनियर रेसिडेन्सी पुढे जाते. हे एक वेळ समजण्यासारखं आहे. शिक्षण पूर्ण झालंच पाहिजे. समजण्यासारखं नाही ते हे, की तिच्या जागी कुणी येत नाही. युनिटमध्ये तीन रेसिडेंट (पीजी करणारे डॉक्टर) असतील तर तिघांचं काम दोघांवर पडतं, म्हणजे प्रत्येकाचा भार दीडपट, सहा महिने. राग धोरणावर निघत नाही, तिच्यावर निघतो. तिशीच्या आतबाहेरच्या इतक्या डॉक्टर बायका ज्या संस्थेत आहेत तिथे दर वर्षी काही जणी रजेवर जाणार हे काही आकस्मिक संकट नव्हे. निदान प्रसूतिशास्त्र विभागाने तरी त्याचं नवल मानू नये. दर वर्षी चार-पाच राखीव रेसिडेंट नेमून ते रजेच्या जागी फिरवले तर विभागातला निम्मा कडवटपणा जाईल. नवऱ्याच्या रजेबद्दल तर बोलायलाच नको. केंद्र सरकार आपल्या नोकराला १५ दिवस देतं. खासगी संस्थांना देशभर लागू असा कायदाच नाही. मेडिसिनच्या युनिटला तो नवव्या दिवशी राउंडला दिसतो आणि सगळे त्याचं कौतुक करतात.

२०१७च्या त्याच दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक केलं, आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाऊ द्यायचं आहे. रुग्णालयाचं पाळणाघर सकाळी नऊ ते पाच चालवून कायदा पाळला जातो, गरज भागत नाही. रुग्णालय रात्री चालतं. रात्रीच्या पाळणाघराला फार काही लागत नाही: आवारातल्या क्वार्टर्सजवळची एक खोली, दोन आया आळीपाळीने जाग्या, दार आतून लागेल अशी कडी, बालरोग वॉर्डशी जोडलेला इंटरकॉम, आणि मुलाला नेणाऱ्या दोनच माणसांच्या सह्यांची वही. नर्सेसना त्याची गरज डॉक्टरांहून जास्त आहे. खोली सुरू झाली तर आधी त्याच येतील. चुकतं कुठे, तर पाळणाघर ‘महिला डॉक्टरांसाठी’ म्हणून काढलं जातं. मग बाप डॉक्टर मुलाला आणून सोडायला लाजतो आणि आया त्याला उंबऱ्यावरच थांबवतात.

विरुद्ध बाजूचा सगळ्यात वजनदार आक्षेप वशिल्याचा. नवरा विभागप्रमुख आणि बायको त्याच विभागात असेल तर तिचा गोपनीय अहवाल कोण लिहिणार? आक्षेप खरा आहे. पण त्यावर ‘जोडपी नकोतच’ हे उत्तर जगाने एकदा देऊन पाहिलं आहे. कार्ल आणि गर्टी कोरी दोघंही १९२०मध्ये प्राग इथे डॉक्टर झाले. १९३१मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात तो विभागप्रमुख म्हणून गेला; तिला मिळालं संशोधन सहायकाचं पद, किरकोळ पगारावर. प्रयोगशाळा एक, काम एक. प्रोफेसर व्हायला तिला १९४७ उजाडलं, आणि त्याच वर्षी दोघांना मिळून नोबेल मिळालं. आपल्याकडे तो प्रकार वेगळ्या नावाने चालतो. नवऱ्याला घ्यायचं असतं म्हणून बायकोला ‘सध्या’ ट्यूटर किंवा कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर म्हणून सामावून घेतात. कॅज्युअल्टीतली वर्षं अध्यापनाच्या अनुभवात धरली जात नाहीत. ‘सध्या’ची आठ वर्षं होतात आणि मग तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान माणूस तिचा वरिष्ठ म्हणून येतो.

वशिल्यावरचं औषध कागदावरच आहे. जोडीदाराची रजा, अहवाल, बढती आणि परीक्षक म्हणून नाव सुचवणं या चार फायली विभागप्रमुखाकडे न जाता थेट प्राचार्यांकडे जाव्यात. खरेदी समितीत दोघं एकदम नसावेत. जोडीदाराचा संशोधन प्रस्ताव आला की नैतिकता समितीच्या सदस्याने खोलीबाहेर जावं. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वंही हितसंबंध जाहीर करून दूर राहायला सांगतात. निबंधावर जोडीदाराचं नाव असेल तर कुणी काय काम केलं ते लिहून द्यावं, कारण बढतीसाठी पहिले तीन लेखक मोजले जातात आणि तिसऱ्या जागेवर घरचं नाव घालायचा मोह मोठा असतो. नियुक्तीच्या वेळी जोडीदाराची मुलाखत वेगळ्या मंडळाने घ्यावी, आणि जागा नसेल तर नाही म्हणून सांगावं. पुढे बघू म्हणू नये. आणखी एक गोष्ट अप्रिय आहे पण लिहून ठेवलेली बरी: जोडपं विभक्त झालं तर एकाची मागणी आल्यावर युनिट बदलून मिळावं, कारण न विचारता.

दुसरा आक्षेप अविवाहितांचा आणि ज्यांचा जोडीदार डॉक्टर नाही त्यांचा. दिवाळीची रात्र, गणपती विसर्जनाची रात्र (बेळगावात मिरवणूक दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चालते आणि कॅज्युअल्टीही), या नेहमी त्यांच्याच माथी का? हा आक्षेप पहिल्यापेक्षा जास्त न्याय्य आहे आणि त्याला उत्तर म्हणून जोडप्यांनी दोन पावलं मागे यायला हवं. सणांच्या रात्री जोडप्याच्या अदलाबदलीतून वगळाव्यात; त्या चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात, वर्षाच्या सुरुवातीला, सगळ्यांसमोर. आणि वीस तारखेचा तो कागद फक्त नवराबायकोंचा नसावा. अंथरुणाला खिळलेली आई असलेल्या अविवाहित डॉक्टरलाही तो देता आला पाहिजे.

एवढं करून संस्थेला काय मिळतं, हे संस्थेला ठाऊक नाही, कारण तिने कधी मोजलेलं नाही. जोडपं जातं तेव्हा दोन जागा एका महिन्याच्या आत रिकाम्या होतात, बहुधा दोन वेगळ्या विभागांत. दोन विभागप्रमुख आपापली एकेक जाहिरात काढतात आणि दोन्ही रिकाम्या जागांचा एकमेकींशी संबंध आहे हे कुणाच्या गावीही नसतं. राजीनाम्याच्या अर्जात कारणाचा रकाना असतो, त्यात ‘घरगुती अडचण’ असं लिहिलेलं असतं. त्याखाली आणखी दोन ओळी छापता येतील: जोडीदार डॉक्टर आहे का, आणि तो किंवा ती कुठे रुजू होत आहे.